मंगळवारची बोटं

जबलपुरात ओमती मोहल्ल्याच्या मागच्या वस्तीत आमची एक खोली होती. वडील वर्धेकडून आलेले, कारखान्यात ओझी उचलण्याच्या कामावर लागलेले. मी नववीत असताना छातीच्या दुखण्याने गेले. त्यानंतर आमचं घर चाललं ते आईच्या बोटांवर. ती विड्या वळायची.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेंदूची पानं रात्रभर ओल्या पोत्यात ठेवावी लागतात. सकाळी ती पत्र्याच्या तुकड्याच्या मापाने कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची आणि दोऱ्याने बांधायची. पौषातल्या सकाळी ते ओलं पान हातात घेतलं की आईची बोटं टोकापर्यंत पांढरी पडत. दोरा बसत नसे. विडी ढिली झाली की ठेकेदाराचा माणूस ती उचलून बाजूला टाकायचा, आणि त्या टाकलेल्या विड्यांचा ढीग वाढला की आई त्याच्याकडे पाहायची नाही.

"आई, हात शेकून घे ना," मी म्हणायचो.

"शेकून काय होते? शेगडीपासून उठलं का पुन्हा तसंच. अगोदर पोटात काही पडू दे, मंग बोटं ऐकतात."

पण पेज तयार झाली की पहिली थाळी माझ्यापुढे यायची. शाळेत जाणाऱ्याने उपाशी जाऊ नये, असा तिचा कायदा होता. उरलेली ती दुपारी खायची. सकाळच्या विड्या म्हणून नेहमी वाईट निघायच्या.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे गेलेला माझ्याआधी कोणी नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो. शिकलेल्या घरातल्या वाचकांना त्यात लिहिण्यासारखं काही वाटणार नाही, पण आमच्या वस्तीत त्या दिवशी पेढे वाटायला आई घरोघर गेली होती. निकाल लागला तेव्हा ती होती. नोकरी लागली तेव्हा नव्हती.

नोकरी लागली ती वडिलांच्याच तोफांच्या कारखान्यात, तिथल्या दवाखान्यात. दवाखान्यात म्हणजे दवाखान्याच्या मागे, जिथे पूर्वी जुनं फर्निचर ठेवत त्या खोलीत. बासष्टची लढाई नुकतीच होऊन गेली होती. बर्फातून परत आलेल्या कितीतरी जवानांच्या हातापायांची बोटं गेली होती. गोळी लागली नव्हती, थंडीने गेली होती. शिवाय तोफा आणि गाड्या दुरुस्त करायला कारखान्यातले फिटरही वर पहाडात जाऊ लागले होते. कोणाचे हात थंडीत टिकतील आणि कोणाचे टिकणार नाहीत, हे आधी कळलं तर बरं, असा विचार कोणीतरी वर केला आणि आमचं दफ्तर उघडलं. डॉक्टर सान्याल त्याचे प्रमुख, मी असिस्टंट. बस, दोघंच.

कामगार आम्हाला बर्फवाला दफ्तर म्हणत. मी बर्फवाले बाबू.

काम असं. सकाळी हातगाडीवरून बर्फाच्या लाद्या येत. त्या मी मोगरीने फोडायचो, जस्ताच्या टबात पाण्यात टाकायचो आणि पाणी लाकडी पट्टीने ढवळत राहायचो, म्हणजे सगळीकडे गारवा सारखा राहील. माणसाला शेजारच्या स्टुलावर अर्धा तास नुसतं बसवायचं. मग त्याच्या मधल्या बोटाच्या टोकाला बारीक तार चिकटवायची, बोट दुसऱ्या पेरापर्यंत बर्फाच्या पाण्यात आणि समोरच्या यंत्राच्या काट्याकडे बघत दर मिनिटाला बोटाचं तापमान लिहायचं. असा अर्धा तास.

पहिली पाच मिनिटं वाईट. रक्ताच्या नळ्या मिटतात, बोट खडूसारखं होतं, आणि अशी कळ येते की चांगले चांगले पहिलवान डोळे मिटून घेत. काटा खाली खाली जात राहतो. मग, कोणाचं पाचव्या मिनिटाला, कोणाचं दहाव्या, काही न करता त्या नळ्या आपोआप उघडतात. गरम रक्त बोटात शिरतं. कळ थांबते, बोट लाल होतं, काटा चढायला लागतो. थोड्या वेळाने पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. शरीर आपलं बोट वाचवायला आतून असं शेकत असतं. आम्ही त्याला बोट उघडणं म्हणायचो. ज्याचं बोट लवकर आणि जास्त उघडतं तो बर्फात टिकणार. ज्याचं उशिरा उघडतं, त्याला वर पाठवायचं नाही.

एवढी साधी परीक्षा. पण तिला नियम फार. आदल्या रात्री नेहमीसारखं जेवून यायचं. सकाळी काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. आणि विडी नाही, कारण तंबाखूने नळ्या मिटतात. बर्फापेक्षा लोकांना या शेवटच्या नियमाचा त्रास जास्त होता.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक बुंदेलखंडी लोहार कळ सुरू झाली की मोठ्याने आल्हाचा पोवाडा म्हणायचा. मी सांगायचो, "दादा, चुप बैठो, गाने से काँटा हिलता है." तो म्हणायचा, "बाबू, न गाएँ तो तुम्हें गाली देंगे, बोलो का करें?" मी गाऊ द्यायचो. मे महिन्यात तर आमच्या दाराशी रांग लागायची. जबलपूरच्या उन्हाळ्यात अर्धा तास बर्फाशेजारी बसायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडणार? त्या महिन्यात सगळेच पास व्हायचे. अंग तापलेलं असलं की कोणाचंही बोट भराभर उघडतं. डॉक्टरांनी शेवटी उन्हाळ्यात परीक्षा बंद केली, तेव्हा एक पेंटर माझ्याशी आठवडाभर बोलला नाही.

बाकी बोलणं नसायचंच. बोलल्याने, हसल्याने, चिडल्याने बोट बदलतं, म्हणून परीक्षेत गप्प राहायचं. रोज चार-पाच माणसं, प्रत्येकाच्या बोटाजवळ तोंड नेऊन मी अर्धा अर्धा तास बसायचो. कोणाच्या नखाखाली ग्रीस आहे, कोणाचं पेर चेचलेलं आहे, मला सगळं ठाऊक. नाव मात्र रजिस्टर बघून सांगायचो. कॅन्टीनमध्ये कामगार माझ्या बाकावर बसत नसत, कारण मी पँटवाला बाबू. बाबू लोक बसत नसत, कारण माझे वडील याच कारखान्यात ओझी उचलत होते आणि ते त्यांना आठवत होतं. मी डबा दफ्तरातच खायला लागलो. टबाशेजारी.

एक माणूस मात्र यायचा. गजानन लोणारे. आमच्याच वस्तीतला, माझ्याच वयाचा, आठवीत शाळा सोडून फिटर झालेला. लढाईमुळे भरती वाढली तेव्हा कारखान्यात तात्पुरत्या जागेवर लागला होता. हात असा की बारीकातला बारीक नट नुसत्या बोटांनी बसवायचा, पाना नंतर लावायचा. तो दुपारी दारातून डोकवायचा.

"काय बर्फवाले, काय करून राहिला?"

"जेवून राहिलो."

"एकटा? चांगलं आहे. बी.एस्सी. झालं का माणूस बर्फासोबत जेवते, हे मले माहीत नव्हतं."

मग बसायचा आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी खायचा. आई गेल्यानंतर माझ्याशी मराठीत बोलणारं जबलपुरात तेवढंच एक माणूस रोजच्या कामात उरलं होतं.

पासष्टची लढाई आली. कारखाना दिवसरात्र चालू लागला. धान्याची ओढ होती, आणि पंतप्रधानांनी देशाला हाक दिली की सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा. आज हे सांगितलं तर नव्या मुलांना खरं वाटत नाही, पण लोकांनी ते मनापासून पाळलं. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद. आमच्या वस्तीत चुली पेटायच्या नाहीत. ज्यांच्या घरी एरवीही धड पेटायची नाही, ते तर जास्तच अभिमानाने पाळायचे.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला माझ्या लक्षात एक गोष्ट आली. मंगळवारची बोटं खराब निघत होती. सोमवारी, बुधवारी, शनिवारी जशी उघडायची तशी मंगळवारी उघडत नव्हती. उशिरा उघडायची, आणि उघडली तरी काटा थोडाच चढायचा. मी यंत्र तपासलं, तारा बदलल्या, बर्फ तपासला. मग एका मंगळवारी एका वेल्डरला सहज विचारलं, "रात को खाना खाया था?" तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याच्या देशभक्तीवर शंका घेतली. "कल सोमवार था, बाबूजी."

सोमवारी दुपारपासून पोटात काही नाही, ते थेट मंगळवारी सकाळी बर्फात बोट.

मी उड्या मारतच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मागचे मंगळवार काढून पाहिले आणि माझी पाठ थोपटली. "शाबाश वानखेडे. आँख है तुम्हारी." मग म्हणाले, "मंगलवार के सब रीडिंग रद्द कर दो. दूसरे दिन फिर से लो. हमें नॉर्मल आदमी का हाथ चाहिए."

मी लाल शाईने प्रत्येक मंगळवारवर 'रद्द' लिहिलं आणि पुढे कारण लिहिलं: सोमवारचा उपास. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. खरी चूक आम्ही त्याच क्षणी करत होतो, आणि चूक शोधल्याबद्दल एकमेकांचं कौतुक करत होतो.

डिसेंबरात पहाडात जाणाऱ्या एका टोळीची यादी निघाली. चार फिटर हवे होते. जो जाईल त्याची जागा परत आल्यावर पक्की होणार, असं होतं. गजाननचं नाव यादीत होतं, आणि त्याची परीक्षा मंगळवारी आली.

त्याचं बोट उघडेना. दहा मिनिटं झाली, बारा झाली. तो ओठ दाबून बसला होता. चौदाव्या मिनिटाला काटा जरासा हलला आणि पुन्हा बसला. अर्धा तास संपला तेव्हा बोट होतं तसंच पांढरं.

"झालो का पास?"

"काल जेवला नव्हता ना?"

"सोमवार होता. जेवीन कसा?"

"मंग हे धरत नाही. गुरुवारी पुन्हा ये."

तो उठला, हात काखेत दाबून उभा राहिला. "हे पाय, यावेळी नाव गेलं तर मी पुन्हा टेम्परवारीच. बहिणीचं लग्न जमून राहिलं आहे, आणि पोरीचा भाऊ काय करते तर म्हणे कारखान्यात आहे, उद्या असेल का माहीत नाही. असं सांगायचं का?"

मी म्हणालो, गुरुवारी ये.

यापुढचं मी आजवर लिहिलं नव्हतं. बुधवारी रात्री मी गजाननला माझ्या खोलीवर जेवायला बोलावलं. तुरीचं वरण, भात, पोळ्या, वर तूप. त्याला पोट भरल्यावर आणखी दोन पोळ्या वाढल्या. इथवर नियमात होतं. गुरुवारी सकाळी सहाला मी त्याला पुन्हा बोलावलं आणि गरम दूध आणि गूळपोळी खाऊ घातली. हे नियमात नव्हतं. सकाळी काही खायचं नाही हा नियम मीच लोकांना रोज सांगत होतो.

"परीक्षेला चालते का हे?" त्याने विचारलं.

"परीक्षा माझी आहे. तू खा."

त्या सकाळी त्याचं बोट सहाव्या मिनिटाला उघडलं. काटा इतका चढला की त्या महिन्यात तेवढा कोणाचाच चढला नव्हता. गजानन बोट बघत राहिला, गुलाबी झालेलं. "हे माझंच आहे ना बे?" म्हणाला. मी मंगळवारवर लाल शाईने 'रद्द' लिहिलं, गुरुवारचं रीडिंग लिहिलं, शेरा दिला: उत्तम. सकाळच्या दुधाचं कुठे लिहिलं नाही.

मी मनाला काय सांगितलं तेही लिहितो. मंगळवार उपासाचा, तो काही खरा गजानन नाही. गुरुवारचा भरल्या पोटाचा, तोच खरा.

तो पौषात गेला. फेब्रुवारी अर्धा झाला तेव्हा परत आला. उजव्या हाताच्या तीन बोटांची टोकं गेली होती. अंगठ्याशेजारचं बोट तर मधल्या पेरापासून नव्हतं.

मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो. त्याने जे सांगितलं ते असं: वर वाट बर्फाने बंद झाली. तीन दिवस रसद आली नाही. चहा होता, थोडे शक्करपारे होते. तिसऱ्या दिवशी एक तोफ अडली. आतला नट बारीक, हातमोज्यात धरता येईना. त्याने मोजा काढला आणि नुसत्या बोटांनी तो बसवला.

"अर्धा तास गेला असेल," तो म्हणाला. "मी वाट पाहत होतो ना तुझ्या त्या उघडण्याची. म्हटलं, माझं बोट तर उत्तम आहे, वानखेड्याने लिहून दिलं. आता उघडेल, मंग उघडेल. कळ थांबली तेव्हा म्हटलं, चला, उघडलं. उघडलं नव्हतं, गेलं होतं."

त्याने चिडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो मला तोफेची गोष्ट सांगत होता.

मी दफ्तरात आलो, कपाटातून सगळी रजिस्टरं काढली आणि लाल शाईचे मंगळवार एका कागदावर उतरवायला बसलो. त्या कागदावर एकामागून एक उपाशी माणसं होती, आणि एकाचंही बोट वेळेवर उघडलं नव्हतं. बर्फात, वाट बंद झाल्यावर, माणूस कसा असतो? असाच असतो. आम्हाला जे शोधायला बसवलं होतं ते दर मंगळवारी आपल्या पायांनी चालत आमच्या दारात येत होतं आणि मी त्यावर रद्द लिहीत होतो. माझ्या आईने ते मला शेगडीपाशी सांगितलं होतं. मी त्यानंतर बी.एस्सी. झालो.

दरम्यान कारखान्यात चौकशी बसली. हातमोजा काढणं ही कामगाराची बेपर्वाई, असं कागदावर येऊ लागलं होतं. तसं ठरलं असतं तर गजाननची तात्पुरती नोकरीही जाणार होती, पक्की तर सोडाच. आणि तसं ठरायला मुख्य आधार होता माझा शेरा. हात उत्तम असताना बोटं गेली, म्हणजे चूक त्याचीच.

मी डॉक्टर सान्यालांपुढे कागद ठेवला आणि गुरुवारच्या दुधाचंही सांगितलं. ते एकेक ओळीवर पेन्सिल ठेवत कागद वाचत गेले. त्यांनाही घरी कोणी नव्हतं, ते संध्याकाळी उशिरापर्यंत दफ्तरातच बसत.

"रद्द करने को मैंने कहा था," ते म्हणाले.

"मंगलवार आपने कहा था, सर. दूध मैंने पिलाया."

"ये बताओगे तो जानते हो क्या होगा?"

"जी."

"मगर पुराने कागज़ पर कौन मानेगा? रद्द किया हुआ रीडिंग, रद्द है." त्यांनी स्वतःच्या बाह्या सरसावल्या. "नया करना पड़ेगा. पहले मैं."

आम्ही दोघांनी एकमेकांची बोटं बर्फात घातली. एक दिवस भरल्या पोटी, एक दिवस आदल्या दुपारपासून उपाशी. पंधरा दिवस हेच. डॉक्टरांना तिसऱ्या दिवशी ताप आला, मग मी एकटाच राहिलो. डाव्या हाताचं बोट टबात आणि उजव्या हाताने काटा बघून लिहायचं. पाणी ढवळायला हात उरत नसे, मी पट्टी गुडघ्यात धरून ढवळायचो. त्या पंधरा दिवसांत मला कळलं की माझ्यासमोर बसणाऱ्यांना आठवं मिनिट किती लांब वाटत असेल. उपाशी दिवशी ते फारच लांब असतं. खोलीत बर्फ वितळल्याचा आवाज येतो, बाकी कशाचा नाही. गजानन आता दुपारी डोकवायला येत नव्हता. तो दवाखान्यात, भिंतीपलीकडे होता, आणि मला तिकडे जायचं धाडस होत नव्हतं.

उपाशी पोटी बोट का उघडत नाही, ते डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं होतं. जेवलं की शरीरात उष्णता तयार होते. खाल्ल्याबरोबर रक्त पोटाकडे जातं, पण थोड्या वेळाने अंग ऊबदार झालं की शरीर ते हाताकडेही सढळ सोडतं. पोट रिकामं असलं की ते जपून राहतं. काळीज आणि पोट सांभाळतं, बोटांना म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. ज्या घरात सरपण कमी असतं तिथे चूलच पेटते, बाकीच्या खोल्यांत कोणी शेगडी नेत नाही.

चौकशीच्या दिवशी गजानन बाहेर बाकावर बसला होता, हाताला पट्टी. आत तीन साहेब. मी कागद मांडले. एकाने विचारलं, "खाने से उँगली का क्या वास्ता?" मी मंगळवार दाखवले, माझी आणि डॉक्टरांची बोटं दाखवली. मग सांगितलं की लोणारेच्या नावापुढे जे उत्तम लिहिलं आहे ते नियम मोडून, सकाळी खाऊ घालून घेतलेलं आहे. त्याचं खरं रीडिंग मंगळवारचं. त्या रीडिंगवर त्याला वर पाठवायलाच नको होतं. "गलती उसके हाथ की नहीं है. मेरी है."

दार उघडंच होतं. बाहेर ऐकू जात होतं.

बाहेर आलो तर गजानन उभा होता.

"तुले माहीत होतं?"

"मंगळवारी नीट उघडलं नव्हतं, हे माहीत होतं."

"मंग खाऊ काहून घातलं?"

"तुझी जागा पक्की व्हावी म्हणून."

त्याने पट्टीचं सुटलेलं टोक डाव्या हाताने खोचलं. "पोळ्या चांगल्या होत्या," म्हणाला, आणि फाटकाकडे चालायला लागला. मी मागून गेलो नाही. तो राग होता की क्षमा, मला आजही सांगता येत नाही, आणि विचारायला तो आता नाही.

त्यानंतर आम्ही तीसेक वर्षं एकाच कारखान्यात होतो. फाटकावर दिसलो की तो मान हलवायचा, मीही हलवायचो. पुढे त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली होती, पण ती सगळ्या खात्याला आली होती. मी गेलो, मागच्या पंगतीत जेवलो. तो वाढायला फिरत होता, डाव्या हातात जिलब्यांची परात. माझ्या पानात त्याने दोन टाकल्या, "घ्या बाबूजी," म्हणाला आणि पुढे गेला. लहानपणापासून कधी त्याने मला बाबूजी म्हटलं नव्हतं.

माझं लग्न झालं नाही. नोकरीच्या कागदावर शिक्षा लागली, बढती थांबली. डॉक्टर बदलून गेले, नवे आले, तेही गेले. मी शेवटपर्यंत असिस्टंटच राहिलो आणि असिस्टंट म्हणूनच निवृत्त झालो. पहिल्या पदवीधराने याहून पुढे जायला हवं होतं असं वस्तीतले म्हणत. खरं आहे. पण मी काही लपवून निवृत्त झालो नाही.

काय झालं ते एवढं. चौकशीने बेपर्वाई हा शब्द खोडला. गजानन लोणारे हत्यारांच्या भांडारात पक्क्या जागेवर लागला आणि पूर्ण पेन्शनवर निवृत्त झाला. आमच्या परीक्षेच्या कागदावर एकाऐवजी दोन रकाने झाले, जेवलेला आणि उपाशी, आणि माणसाचा शेरा उपाशी रकान्यावरून द्यायचा असं ठरलं. वर जाणाऱ्या टोळ्यांच्या हुकुमात एक ओळ वाढली: उघड्या हाताने काम करायचं असेल तर तासभर आधी गरम जेवण द्यावं, आणि जेवण नसेल तर मोजा काढू नये. त्यानंतर माझ्या हातून पास होऊन पहाडात गेलेला प्रत्येक फिटर दहा बोटांनी परत आला.